झाकली मूठ कारखान्याला परवडत नाही

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे? रिक्षावाला सांगेल, दूध घालणारा सांगेल, शाळेला निघालेलं पोरगं सांगेल. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यासारखे पाठ आहेत. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले याचा मेसेज येतो आणि शाहूपुरीतला दुकानदार तळमजल्यावरचा माल वर चढवायला घेतो, बापट कॅम्पातले मूर्तिकार गणपती हलवायला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आमचं पुष्कळ काही नेलं. पण एक सवय अंगात मुरवून गेले. पाणी वाढतंय हे ज्याला आधी कळेल, त्यानं पुढच्याला सांगायचं.

हेच गाव, हीच माणसं. पण कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर संकट आलं की तोंडाला कुलूप.

मी गेली वीसेक वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांचे हिशेब बघतो. फाउंड्री, मशीन शॉप, पॅटर्न शॉप. अलीकडे वर्षातून दोन-तीनदा तरी एक ठरावीक फोन येतो. मालकाचा आवाज दबलेला असतो. "जरा येऊन जावा. फोनवर नको बोलायला." गेलं की कळतं, कुठे टॅलीच्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, फाइली बंद पडल्यात, कुठे बनावट मेलवर विश्वास ठेवून पैसे भलत्याच खात्यात गेलेत. माझं म्हणणं असं की, या दबलेल्या आवाजानं आमच्या उद्योगांचं जितकं नुकसान केलंय, तितकं कुठल्याही व्हायरसनं केलेलं नाही.

एका फाउंड्रीतली सकाळ सांगतो. नाव सांगणार नाही. चाळीसेक कामगार, ट्रॅक्टर आणि पंपाची कास्टिंग. साप्ताहिक सुट्टीनंतरचा दिवस. भट्टी चालू झाली होती, पहिली हीट, म्हणजे वितळलेला धातू, ओतायची तयारी होती, आणि गेटवर माल भरलेला टेम्पो ई-वे बिलासाठी थांबला होता. अकाउंट बघणाऱ्या ताईंनी कॉम्प्युटर लावला, तर प्रत्येक फाइलच्या नावामागे कसलंतरी अगम्य शेपूट लागलेलं. टॅली उघडेना, ड्रॉइंगचा फोल्डर उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत एक चिठ्ठी होती. फाइली परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे द्या, असा तिचा अर्थ. ताई म्हणाल्या, बॅकअप आहे, घाबरायचं काही नाही. एक्स्टर्नल हार्ड डिस्क खरंच होती. पण रोजचा बॅकअप आपोआप व्हावा म्हणून ती कायम त्याच कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली होती. तीही त्याच किल्लीनं बंद झाली होती.

मालक आले. पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "ताई, ह्यातलं एक अक्षर गेटच्या भाईर जाता कामा नये."

मला त्यांचा राग आला नाही. बाप मेल्यावरही दुकान उघडं ठेवणाऱ्या पिढीतला तो माणूस. पण पुढचे अकरा दिवस त्या एका वाक्यापायी काय झालं ते मी बघितलंय. जीएसटीच्या पोर्टलवरून विक्रीचे आकडे काढले. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या जुळवून भंगार आणि बीड (ओतकामाचं कच्चं लोखंड) किती आलं याचा अंदाज बांधला. पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींच्या व्हॉट्सअॅपवरून जुनी ड्रॉइंग गोळा केली. गिऱ्हाइकांकडून खातेउतारे मागवले, तेही "हार्ड डिस्क खराब झाली" असं खोटं सांगून. कुणाकडून किती येणं आहे हे दुसऱ्याच्या वहीवरून ठरवायची पाळी आली, आणि दोन ठिकाणी दुसऱ्याच्या वहीत आकडा कमीच निघाला. भांडायला हातात कागद नव्हता.

चोर शिरला कुठून ते नंतर कळलं. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या डीलरनं आपल्या दुकानात बसूनच दुरुस्ती करता यावी म्हणून कॉम्प्युटरला बाहेरून जोडणी ठेवली होती. ती चोवीस तास उघडी, आणि पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच. तीन महिन्यांनी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात तेच घडलं. तोच डीलर, तीच जोडणी, तसाच पासवर्ड. दोन्हीकडचे हिशेब मीच बघतो म्हणून मला हे कळलं, नाहीतर दोघा मालकांना एकमेकांचं आजतागायत कळलं नसतं. पहिल्यानं शेजाऱ्याला नुसता फोन केला असता तरी दुसरा वाचला असता. आणि मीही गप्प राहिलो होतो. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. पण नाव न घेता "अमुक प्रकारची जोडणी बंद करा" एवढं तरी मी दहा जणांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक आहे, आणि हा लेख लिहिण्याचं ते एक कारण आहे.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. चोराला तुमचा डेटा बाजारात विकायचा नसतो, तो तुम्हालाच परत विकायचा असतो, आणि तुम्हाला तर त्याची गरज असतेच. शिवाय तो शिरोलीचा नकाशा घेऊन बसलेला नसतो. त्याचे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरतात आणि उघडी दारं शोधतात. दार लहान कारखान्याचं आहे की मोठ्या बँकेचं, हे ते आधी बघत नाहीत. कोल्हापूर या नकाशाबाहेर कधीच नव्हतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींवर रक्कम गेली तेव्हा बनावट कार्डांनी जिथे जिथे पैसे काढले गेले, त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती.

मालकांच्या भीतीकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही. ती खरी भीती आहे. पुण्याच्या मोठ्या कंपनीचा माणूस ऑडिटला येतो, त्याला कळलं की तुमच्याकडची ड्रॉइंग बाहेर गेली असतील, तर पुढची ऑर्डर जाईल. बँक कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवताना हात आखडता घेईल. बाजारात पत हीच ज्याची पुंजी आहे, तो माणूस पत जपण्यासाठी गप्प बसणारच.

पण मोठ्या कंपन्यांच्या बाजूनं हे प्रकरण कसं दिसतं तेही बघू. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर जपानमध्ये कोजिमा इंडस्ट्रीज या प्लॅस्टिकचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीवर असाच हल्ला झाला. त्यापायी १ मार्चला टोयोटाला जपानमधले आपले १४ च्या १४ कारखाने बंद ठेवावे लागले. एका दिवसात सुमारे १३ हजार गाड्यांचं उत्पादन हुकलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीला एका पुरवठादाराच्या कॉम्प्युटरनं थांबवलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात उलटं घडलं. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला, ब्रिटनमधलं उत्पादन महिनाभर ठप्प राहिलं, आणि तिथल्या लहान पुरवठादारांच्या पगाराचे वांधे झाले. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचे प्रश्न बदललेत. पूर्वी ऑडिटवाला कास्टिंगची मापं आणि वाळूची चाचणी बघायचा. आता तो विचारतो, बॅकअप कुठे ठेवता, मेलला दुहेरी पडताळणी आहे का, शेवटचा हल्ला कधी झाला आणि तुम्ही काय केलंत. "आमच्याकडे कधी काही झालंच नाही" या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही. झालं, आणि आम्ही असं असं सावरलो, हे उत्तर त्याला जास्त भरवशाचं वाटतं.

याबाबत नॉर्वेच्या हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीचं उदाहरण मला आमच्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण तीही धातू वितळवणारीच माणसं. तेव्हा ३५ हजार कर्मचारी, ४० देशांत काम. १९ मार्च २०१९ ला त्यांचे कॉम्प्युटर खंडणीखोरांनी बंद पाडले. कंपनीनं त्याच दिवशी पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं. खंडणी देणार नाही म्हणून जाहीर केलं. दारांवर हातानं लिहिलेले कागद चिकटवले, नेटवर्कला काही जोडू नका. पुढचे कित्येक दिवस काय चालू आहे, काय बंद आहे, याची माहिती ते देत राहिले. कारखाने हातानं चालवले. ज्यांना जुन्या कागदी पद्धती माहीत होत्या अशी निवृत्त माणसं मदतीला परत आली. नुकसान प्रचंड झालं, शेकडो कोटी रुपयांच्या घरात. पण गिऱ्हाईक पळालं नाही आणि कंपनीचं नाव आज सुरक्षेच्या वर्गात आदर्श म्हणून घेतात. पुढे तपासात निघालं की काही महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून आलेल्या मेलमधून तो कीडा आत शिरला होता. आपल्या फाउंड्रीतसुद्धा सगळ्यात आधी उघडली जाते ती ओळखीच्या गिऱ्हाइकाचीच मेल.

निवृत्त माणसांचा तो तपशील वाचला तेव्हा मला उद्यमनगरातले जुने मिस्त्री आठवले. चलन हातानं कसं लिहायचं, हीटची वही कशी ठेवायची, हे ज्यांना येतं अशी माणसं आपल्याकडे अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील. कॉम्प्युटर दोन दिवस बंद राहिला तर काम कसं चालवायचं, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घेतलं पाहिजे. चलनाचं कोरं पुस्तक कपाटात असलं पाहिजे. मी याला तयारी म्हणतो. नुसता अँटीव्हायरस विकत घेण्याला म्हणत नाही.

बॅकअपचं तर किती वेळा सांगावं! कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे घराची दुसरी किल्ली कुलपालाच अडकवून ठेवणं. आठवड्यातून एकदा प्रत काढायची, वायर उपसायची आणि डिस्क कारखान्याबाहेर, मालकाच्या घरच्या कपाटात ठेवायची. दोन डिस्क असतील तर आलटून पालटून. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅली खरंच उघडते का ते बघायचं. मी बघितलेल्या कारखान्यांत हे शेवटचं काम जवळपास कुणीच करत नाही. २०१७ च्या जूनमध्ये मर्स्क या जहाज कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा न्हावा-शेव्यातलं तिचं कंटेनर टर्मिनलही अडकलं होतं. आपली निर्यातीची कास्टिंग त्याच बंदरातून जातात. मर्स्कनं नंतर चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. ते शक्य झालं कारण नेटवर्कच्या मूळ नोंदींची एक प्रत शिल्लक राहिली होती, घाना देशातल्या त्यांच्या ऑफिसात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर बंद होता! एवढ्या मोठ्या कंपनीला योगायोगानं वाचवलं. आपल्याला ते काही हजार रुपयांच्या, वायर उपसलेल्या डिस्कनं साधता येतं.

पैशांच्या फसवणुकीची तऱ्हा वेगळी. बीड किंवा कोक पुरवणाऱ्याच्या नावानं मेल येते की आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा. मेलच्या पत्त्यात एकच अक्षर इकडचं तिकडे असतं, आणि खाली त्या पुरवठादाराच्या खऱ्या बिलाची प्रत. एका कारखान्यात अशाच मेलवर साडेसहा लाख गेले. तिथे कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघाड नव्हता, तरी पैसे गेले. यावर उपाय पद्धतीचा आहे. खातं बदललं म्हणून कुणीही कळवलं तर आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. मालकानं "घाई आहे, लगेच भर" म्हटलं तरी हा नियम मोडायचा अधिकार त्यालाही नको. आणि पैसे गेलेच, तर लाज गिळून पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, मध्येच ते अडवता येतात, पण वेळ फार थोडा असतो. त्या कारखान्यात हा फोन तिसऱ्या दिवशी झाला. दोन दिवस "आधी घरात कुणाला सांगायचं नाही" यात गेले.

जुन्या मशीनचंही असंच. सीएनसीच्या, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनच्या, शेजारचा कॉम्प्युटर अजून विंडोज सातवर चालतो, आणि त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. मशीन बदलायला पैसे नाहीत हे मला कळतं. मग त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट तरी काढा.

सरकारनं काय केलं? कायदे आहेत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवली पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात निष्काळजीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे. कामगारांचे आधार आणि बँकेची पासबुकं ज्या फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवलीत, तीही वैयक्तिक माहितीच. पण मी ज्या मालकांकडे जातो त्यांच्यातल्या एकालाही सहा तासांचा नियम माहीत नव्हता. जिल्हा प्रशासन पुराच्या आधी गावोगाव बैठका घेतं, बोटी तपासतं, नियंत्रण कक्षाचा नंबर भिंतीवर रंगवतं. या संकटासाठी असली एकही बैठक मी बघितलेली नाही. सहा तासांचा धाक मोठ्या कंपनीच्या कायदे विभागाला कळतो. शिरोलीतल्या ताईंना तो कुणी सांगणार?

माझ्या मते हे काम औद्योगिक संघटनांनी अंगावर घ्यावं. शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, सगळ्यांकडे सभासद आहेत, सभागृहं आहेत, शब्दाला वजन आहे. एकेका कारखान्याला सुरक्षेचा जाणकार पगारावर ठेवणं झेपणार नाही. साठ कारखान्यांना मिळून दोन माणसं सहज झेपतील. एकट्याला न परवडणारी गोष्ट दहा जणांनी मिळून करायची, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नदीचं पाणी माळावर चढवलं ते सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी. दूध गोळा केलं ते गावोगावच्या संस्थांनी. साखर कारखाने तर सांगायलाच नकोत.

पण सामाईक करताना काय सामाईक करायचं याचा विचार हवा. २०२४ च्या जुलैअखेर सी-एज या कंपनीवर हल्ला झाला. ती लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना कॉम्प्युटर सेवा पुरवते. राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार काही काळ अडकले. सगळ्यांनी एकाच खांबाला दोर बांधला तर खांबाबरोबर सगळेच पडतात. म्हणून सगळ्यांचा डेटा एका ठिकाणी आणून ठेवा असं मी म्हणत नाही. माणसं सामाईक असावीत, तपासणी सामाईक असावी, आणि बातमी सामाईक असावी.

बातमी सर्वांत आधी. संघटनेत एक माणूस असावा, ज्याला मालक निर्धास्तपणे सांगू शकेल. त्यानं कारखान्याचं नाव स्वतःपाशी ठेवायचं आणि बाकीचं त्याच संध्याकाळी सगळ्या सभासदांना कळवायचं. कुठून शिरले, कोणत्या पत्त्यावरून मेल आली, कोणती जोडणी बंद करायची, एवढंच. सहा तासांची सरकारी नोंदही त्यानंच सोबत बसून करून द्यायची. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सायबर सुरक्षा शिकणारी मुलं आहेत. त्यांना प्रकल्प म्हणून वर्षाला दहा-दहा कारखाने द्या, उघडी दारं मोजून आणतील. डीलर मंडळींनाही संघटनेनं बोलावून सांगावं की जोडणी ठेवायची तर मालकानं चालू करायची, काम झालं की बंद करायची, आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. हे मान्य नसलेल्या डीलरकडून माल घेऊ नये.

हा लेख लिहिण्याआधी त्या पहिल्या फाउंड्रीच्या मालकांना मी विचारलं, लिहू का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिवा, पण नाव नको." मी निघायला उठलो तेव्हा त्यांनीच हाक मारून थांबवलं. त्या डीलरची जोडणी आणखी कुणाकुणाकडे असेल, यादी काढूया का म्हणाले. रविवारी आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात बसलो. ताईंनाही बोलावलं. आठवून आठवून सतरा नावं निघाली. फोन ते स्वतःच करतायत, आणि पहिलंच वाक्य असतं, "आमच्यात झालंय, म्हणून सांगतोय." आतापर्यंत अकरा जणांशी बोलून झालंय. चौघांकडे तो पासवर्ड अजून तसाच होता.